नवशिक्यांची शाल आणि ‘आवश्यकतेनुसार’ लोकर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोन आठवड्यांपूर्वी आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘नवशिक्यांसाठी उठावदार विणीची शाल’ असा क्रोशाचा नमुना आला होता. त्याचं कात्रण घेऊन आजवर सात जणी माझ्या दुकानात आल्या. साताऱ्यात मोती चौकाजवळ माझं लोकरीचं लहानसं दुकान आहे, एकतीस वर्षं झाली. सात गिऱ्हाइकं पाठवलीत म्हणून खरं तर मी तुमचे आभार मानायचे. पण त्यातल्या पाच जणी अर्धवट शाल पिशवीत कोंबून परत आल्या, म्हणून हे पत्र.

घोटाळा एका शब्दाचा आहे. नमुन्यात सगळीकडे ‘डबल क्रोशे’ छापलंय. इंग्लंडच्या पुस्तकात डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब: सुई घालायची, दोरा ओढून घ्यायचा, सुईवरचे दोन्ही फास एकदम काढायचे. अमेरिकेच्या पुस्तकात डबल क्रोशे म्हणजे आपला पूर्ण खांब: आधी सुईवर एक वेढा, मग दोरा ओढायचा आणि दोन-दोन फास करत काढायचे. तुमचा नमुना इंग्लंडच्या पद्धतीचा होता, हे मला पाचवी ओळ वाचल्यावर कळलं. मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलेल्या मुलींना ते कसं कळावं? त्या व्हिडिओंत बहुतेक अमेरिकेची भाषा असते. त्यांनी बिचाऱ्यांनी खांब घातले. बँकेत नोकरी करणाऱ्या एकीने चाळीस ओळी विणून आणल्या. वीतभर व्हायला हवी होती तिथे शाल दोन विती झालेली, दाणेदार उठावाचा पत्ता नाही, आणि मध्ये बोट जाईल एवढी भोकं. ती म्हणाली, “काकू, माझा हातच सैल आहे.” हात नव्हता हो सैल. मी तिच्यासमोर चार बोटं मुके खांब घालून दाखवले तेव्हा तिला पटलं. मग आम्ही दोघींनी काउंटरवर बसून सगळं उसवलं.

आपल्याकडे साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब असे सरळ शब्द आहेत. आमच्या आया-मावश्यांनी तेवढ्यावर तोरणं, ताटावरचे रुमाल, पलंगपोस विणले. गावोगाव नावं थोडी बदलतात, म्हणून नमुन्याच्या वर दोन ओळींत टाका कसा घालायचा तेही लिहावं. जागा फार लागत नाही.

दुसरी गोष्ट. ‘लोकर : आवश्यकतेनुसार.’ मीठ चवीनुसार लिहिलेलं चालतं, कारण मीठ घरात असतं. लोकर विकत घ्यावी लागते, आणि ती एकदमच घ्यावी लागते. प्रत्येक गुंड्याच्या कागदी पट्ट्यावर लॉट नंबर असतो, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या मालाचा नंबर. एकाच मरून रंगाचे दोन लॉट दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सारखे दिसतात, आणि शाल उन्हात धरली की शेवटची वीतभर पट्टी वेगळी उठून दिसते. गेल्या वर्षी एका आजींनी चार गुंडे नेले आणि जानेवारीत पाचवा मागायला आल्या. तो लॉट संपलेला. त्यांनी शेवटी दोन्ही टोकांना पांढरी किनार लावून निभावून नेलं, पण त्यांच्या मनासारखं झालं नाही. उठावाची वीण साध्या विणीपेक्षा जास्त लोकर खाते, हेही नवीन माणसाला माहीत नसतं. साध्या खांबांच्या शालीला तीनशे ग्रॅम लागत असतील तर उठावाच्या विणीला मी साडेतीनशे-चारशे धरते. तुम्ही म्हणाल, बाईला लोकर खपवायचीय. हो, खपवायचीच आहे. पण उरलेला अख्खा गुंडा मी परत घेते.

तिसरं, सुई. नमुन्यात सुईचा आकार दिलेलाच नाही. आईच्या डब्यात सापडते ती बारीक पोलादी सुई सुती दोऱ्यासाठी असते. तिने लोकर विणायला घेतली की दोरा फुटतो, एक पदर आत आणि तीन बाहेर, आणि शिकणारीला वाटतं आपल्यालाच जमत नाही.

क्रोशा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जाळी येते. आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशाला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तीही लेसच. बारीक दोऱ्याची जाळी नजर लावून करायची असते, एक खांब चुकला की फूल वाकडं होतं. लोकरीच्या उठावाच्या विणीचं उलट आहे. तिथे एखादा टाका इकडचा तिकडे झाला तर दाण्यांत लपून जातो. म्हणून पहिल्या वस्तूसाठी मी जाळी सुचवतच नाही. तान्ह्या बाळाच्या पांघरुणाला तर नाहीच, भोकांत बाळाची बोटं अडकतात.

नुसती तक्रार नको, म्हणून माझ्याकडे येणाऱ्या नवीन मुलींना मी जी वीण देते ती लिहिते. बाळाचं पांघरूण, साधारण पाऊण मीटर रुंद. मध्यम जाडीची लोकर, दुकानात ‘डबल निटिंग’ म्हणून मागायची. चारशे ग्रॅम आणि वर एक गुंडा जास्तीचा. साडेचार मिलिमीटरची सुई. १३६ साखळ्या घालायच्या. सम संख्या हवी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. या साखळ्या सगळ्याच नवशिक्या घट्ट घालतात आणि मग पांघरूण खाली आक्रसलेलं, वर पसरलेलं असं परकरासारखं होतं. त्यासाठी फक्त साखळ्यांपुरती पाच मिलिमीटरची सुई घ्यायची.

सुईपासून चौथ्या साखळीत पहिला मुका खांब. मग एक साखळी घालायची, खालची एक साखळी सोडायची, पुढचीत मुका खांब. असं शेवटपर्यंत. शेवटच्या साखळीत मुका खांबच येतो, नाही आला तर मोजण्यात चूक आहे. वळताना दोन साखळ्या. आता मुका खांब खालच्या मुक्या खांबावर घालायचा नाही, दोन मुक्या खांबांमधल्या साखळीच्या पोकळीत घालायचा. मध्ये पुन्हा एक साखळी. ओळीचा शेवटचा मुका खांब वळणाच्या साखळ्यांच्या पोकळीत. बस्स, हीच ओळ परत परत. दहा-बारा ओळी झाल्या की तांदूळ पसरल्यासारखे दाणे दिसायला लागतात, आणि तेव्हा मुलींचा चेहरा बघण्यासारखा असतो. टीव्ही बघत करावं, बसमध्ये करावं.

ती शेवटची पोकळी विसरली की दर ओळीला एक टाका कमी होतो. चौकोनी पांघरूण म्हणून सुरू केलेलं त्रिकोणी होऊन माझ्याकडे येतं, दर हिवाळ्यात येतं. वळणाच्या पोकळीत रंगीत दोऱ्याचा तुकडा किंवा सेफ्टी पिन अडकवून ठेवली तर ती सुटत नाही.

हे जमलं की दुसरी वीण, आइस्क्रीमच्या कोनावर असतात तशा चौकड्यांची. ती शालीला फार छान दिसते. हिच्यात ‘उठावाचा खांब’ लागतो, म्हणजे खालच्या खांबाच्या डोक्यात सुई न घालता ती पुढून घालून, त्याच्या अंगामागून फिरवून पुन्हा पुढे काढायची, खांबालाच मिठी मारायची. पहिली ओळ साध्या खांबांची. दुसरीत कडेचा एक साधा, मग एक उठावाचा, दोन साधे, एक उठावाचा, दोन साधे. तिसरीत बाजू उलटी असते, म्हणून उलटं: उठावाच्या खांबावर साधा, आणि दोन साध्यांवर उठावाचे. कडेचे खांब कायम साधे. दुसरी-तिसरी ओळ आलटून पालटून करत गेलं की खोलगट चौकोन तयार होतात. वजनदार होते ही शाल, महाबळेश्वरच्या थंडीला चालेल अशी. पुण्या-मुंबईच्या मुलींना मी आधीच सांगते. पाच खांब एकत्र गुंफून मक्याच्या लाहीसारखा फुगा काढतात, ती वीण मात्र तिसऱ्या वस्तूपर्यंत नको. तुमच्या पुरवणीने ती थेट दुसऱ्या ओळीत आणली होती.

धुण्याबद्दलही नमुन्यात अक्षर नव्हतं. आपण लोकर म्हणतो, पण माझ्या दुकानातला बराचसा माल अ‍ॅक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा आहे. धुवायला सोपं, अंगाला टोचत नाही, म्हणून लोक तेच मागतात. त्यावर गरम इस्त्री फिरवली की सगळा उठाव बसतो आणि पुन्हा कधीच उठत नाही. एका मुलीने लग्नात मावशीला द्यायची शाल आदल्या रात्री इस्त्री केली. दोन महिन्यांचं काम चादरीसारखं सपाट. ती रडली, आणि खरं सांगते, मीही तिला काही बोलू शकले नाही.

आपली पुरवणी हा विषय घेते याचा मला आनंदच आहे. २०१६ साली चेन्नईत देशभरच्या बायकांनी तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं पांघरूण केलं आणि गिनीजमध्ये नोंद झाली, तेव्हा कितीतरी दिवस दुकानात तीच चर्चा होती. हौस आहे लोकांना. फक्त पुढच्या वेळी नमुना छापण्याआधी अजिबात न विणलेल्या एखाद्या मुलीच्या हातात द्या आणि वीतभर तुकडा करून बघायला सांगा.

आणि त्या शालीचा खुलासा येत्या रविवारी छापा: ‘डबल क्रोशे म्हणजे मुका खांब समजावा.’ मी तो कापून दुकानाच्या काचेवर चिकटवणार आहे. जरा मोठ्या टाइपात छापा, माझी निम्मी गिऱ्हाइकं चष्मा घरी विसरून येतात.

आपली वाचक,
एक लोकरविक्रेती, सातारा
(नाव-पत्ता सोबत दिला आहे, छापू नये.)