हॉटेलांचे फोटो छापलेत, आता ती कशाची बांधलीयत तेही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत जगातल्या वेगवेगळ्या भन्नाट हॉटेलांवर पानभर मजकूर आलाय तो वाचला. फोटो सुंदरच होते, माझ्या सुनेने पान कापूनच ठेवलंय. पण त्यातल्या स्वीडनच्या बर्फाच्या हॉटेलला तुम्ही भाडं किती आणि हनिमूनला कसं छान एवढ्यात संपवलंत, आणि मी स्वतः तिथे एक रात्र झोपून आलेय, त्यामुळे मला काही राहवेना म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी लेक आणि जावई स्वीडनमधल्या लुलेओला असतात. गेल्या फेब्रुवारीत मी त्यांच्याकडे होते तेव्हा ट्रेनने किरुनाला गेलो आणि तिथून गाडीने युक्कासयार्वी नावाच्या गावात. गाव अगदी छोटं, आर्क्टिक सर्कलच्याही वर साधारण २०० किलोमीटर, एक जुनं लाकडी चर्च, थोडी घरं आणि बाजूला टोर्ने नदी, जी तेव्हा गोठून मैदानासारखी झालेली होती, वरून माणसं चालत होती. तर हे सगळं हॉटेल त्या नदीचं आहे. मला हे माहीतच नव्हतं, मला वाटलं होतं कुठल्या तरी फॅक्टरीत बर्फ करून आणत असतील. पण नाही, मार्च महिन्यात नदीवरचा बर्फ जाड झाला की करवतीने त्याचे मोठेमोठे ठोकळे कापतात, एकेक ठोकळा दोन-दोन टनांचा, आणि ते गोदामात थंड ठेवून अख्खा उन्हाळा जपतात. मग नोव्हेंबरमध्ये बांधायला घेतात, डिसेंबरात पाहुणे येतात आणि एप्रिलनंतर सगळं वितळून परत नदीत. दरवर्षी नवीन हॉटेल! आणि खोल्या करायला देशोदेशीचे कलाकार येतात, ते आधी आपापलं डिझाइन पाठवतात, त्यातून निवडतात, म्हणजे मी झोपले ती खोली आता जगात कुठेच नाही.

बर्फ काचेसारखा आरपार का दिसतो तेही तिथल्या मुलीने सांगितलं. नदी खाली वाहती असते, बर्फ वरून हळूहळू धरत जातो, त्यामुळे हवेचे बुडबुडे त्यात अडकून राहत नाहीत. आपल्या फ्रीजमधला बर्फ मधे पांढरा दिसतो तो त्या हवेमुळेच. एवढी साधी गोष्ट, पण मी आयुष्यभर फ्रीज वापरला आणि कधी डोक्यात आलं नव्हतं.

आता झोपायचं कसं. आत उणे ५ ते उणे ८ असतं, बाहेर त्या रात्री उणे २४ होतं, म्हणजे आत शिरल्यावर आधी चक्क ऊबच वाटते. खोलीला दार नाही, नुसता पडदा. सामान, बाथरूम सगळं शेजारच्या गरम इमारतीत. झोपायच्या आधी सगळ्यांना बसवून शिकवतात, की अंगावर कपड्यांचा ढीग घालू नका, एक थर्मल, कोरडे मोजे, टोपी बस, बाकी काम स्लीपिंग बॅग करते. फोन बॅगच्या आत घ्या नाहीतर बॅटरी बसते. पलंगावर गादी आणि त्यावर रेनडिअरची कातडी पसरलेली. मी ६३ वर्षांची, गुडघे दुखतात, लेक म्हणत होती आई तू गरम खोलीत झोप, पण मी ऐकलं नाही. आणि काय सांगू, मला जी लक्षात राहिली ती थंडी नाहीच, ती शांतता. बर्फ सगळा आवाज पिऊन टाकतो, शेजारच्या खोलीत कोणी खोकलं तरी ऐकू येत नाही, फक्त आपलाच श्वास. पहाटेपर्यंत जागी होते थोडीथोडी, पण वाईट नाही वाटलं. सकाळी एक मुलगा लिंगनबेरी नावाच्या तिकडच्या रानफळाचा गरम रस घेऊन आला, आंबटगोड, लालभडक, मला एकदम आमचं कोकम सरबत गरम करून दिल्यासारखं वाटलं.

हे सुरू कसं झालं तर, त्या गावात पर्यटक यायचे ते उन्हाळ्यात, नदीवर. हिवाळा म्हणजे अंधार, डिसेंबरात तर काही आठवडे सूर्यच उगवत नाही, थंडीत कोण मरायला येणार असंच सगळ्यांना वाटायचं. इंग्वे बेरिक्विस्त म्हणून तिथले एक गृहस्थ नदीवरचं पर्यटन चालवायचे, त्यांनी उलटा विचार केला की आपल्याकडे थंडीच तर भरपूर आहे. आधी बर्फाच्या शिल्पांचं काम झालं, मग १९९० साली एका मोठ्या इग्लूत कलाप्रदर्शन भरवलं आणि एकदा गावात खोल्या शिल्लक नव्हत्या तर काही पाहुणे त्या इग्लूतच स्लीपिंग बॅग घालून झोपले. सकाळी उठून खूश! तिथून हे हॉटेल. आणि २०१६ पासून त्याचा एक भाग वर्षभर चालू असतो, तो उन्हाळ्यात थंड ठेवायला सोलर पॅनेल आहेत, कारण तेव्हा तिथे मध्यरात्रीसुद्धा ऊन असतं. उन्हानेच बर्फ टिकवायचा, हे ऐकून मी दोन मिनिटं गप्प बसले.

संपादक साहेब, माझं म्हणणं हे आहे. अशी हॉटेलं लक्षात राहतात ती विचित्र दिसतात म्हणून नाही. तिथल्या लोकांना जे अडचण वाटत होतं, जे फुकट पडलेलं होतं, त्याचंच त्यांनी घर केलं म्हणून. बोलिव्हियातलं मिठाचं हॉटेल बघा, तुमच्या पानावर त्याचा फोटो होता. उयुनीचं मिठाचं मैदान १० हजार चौरस किलोमीटरच्या वर, समुद्रसपाटीपासून ३,६५० मीटरच्या आसपास उंच, झाड नाही, दगड नाही, चहूकडे मीठच मीठ, मग भिंती कशाच्या करणार, मिठाच्याच ठोकळ्यांच्या. पण त्यात एक गोष्ट होती जी तुम्ही लिहायलाच हवी होती. १९९० च्या दशकात पहिलं हॉटेल त्यांनी मैदानाच्या मधोमध बांधलं, आणि सांडपाणी, घाण जायची कुठे याचा प्रश्न झाला, मैदान खराब व्हायला लागलं, म्हणून २००२ मध्ये ते काढून टाकलं आणि पुढे कडेला नवीन बांधलं. चूक केली आणि उचलून बाजूला नेली. आपल्या समुद्रकिनाऱ्यांवर राहणाऱ्या माणसाला हे वाचून किती काय काय आठवेल.

जपानमधल्या कॅप्सूल हॉटेलचं तसंच, पहिलं १९७९ मध्ये ओसाकाला झालं, किशो कुरोकावा या आर्किटेक्टचं. जागा महाग आणि शेवटची ट्रेन चुकलेल्या नोकरदाराला पाठ टेकायला फक्त एका माणसापुरती जागा हवी, तेवढीच दिली. ते जे ७०५ सालचं जगातलं सगळ्यात जुनं हॉटेल तुम्ही दाखवलंत, यामानाशीतलं केइउनकान, ते तर गरम पाण्याच्या झऱ्यामुळेच उभं आहे, एकाच घराण्याच्या ५२ पिढ्यांनी सांभाळलं. झरा तिथला, माणसं तिथली.

पण मला खरं लिहायचंय ते इटलीबद्दल, आणि ते तुमच्या पानात अजिबातच नव्हतं. तिकडे आल्बेर्गो दिफूझो म्हणून प्रकार आहे, म्हणजे विखुरलेलं हॉटेल. एक इमारत नसतेच. गावातली रिकामी पडलेली जुनी घरं दुरुस्त करायची, एका घरात रिसेप्शन, दोन गल्ल्या सोडून एक खोली, वरच्या आळीत दुसरी, जेवायला तिसरीकडे, आणि पाहुणा गावकऱ्यांच्या मधून येतो जातो. १९७६ मध्ये उत्तरेकडच्या फ्रिउली भागात मोठा भूकंप झाला, गावं ओस पडली, तेव्हा ती घरं परत वापरात कशी आणायची यातून ही कल्पना निघाली, जानकार्लो दाल्ल आरा या पर्यटनातल्या जाणकाराने ती पुढे नेली. आब्रुझोच्या डोंगरात सांतो स्तेफानो दि सेस्सानियो नावाचं गाव आहे, एकेकाळी लोकरीच्या व्यापाराने भरभराटीला आलेलं, नंतर सगळे बाहेर गेले आणि शंभरएक माणसं उरली. दानिएले किलग्रेन नावाचा तरुण तिथे मोटारसायकलवर फिरत फिरत पोचला, गाव बघून थांबला आणि पडकी घरं विकत घ्यायला लागला. त्याने भिंतींवरची चुलीची काजळी तशीच ठेवली, पांघरुणं तिथल्या मागावर विणलेली, जेवणात तिथली छोटी मसूर, जी त्या गावाची खासियत आहे. नवं सिमेंट मात्र गावात येऊ द्यायचं नाही. २००९ च्या भूकंपात गावाचा जुना बुरूज कोसळला तरी गाव उठून उभं राहिलं.

सगळंच गोड आहे असं नाही म्हणत मी. दक्षिण इटलीतल्या मातेराच्या गुहांमधली हॉटेलं आता फार महाग आणि फार प्रसिद्ध आहेत, पण त्याच गुहांमधून १९५२ च्या कायद्याने १५ हजारांवर गरीब माणसांना हलवलं होतं, कारण माणसं आणि जनावरं एकाच गुहेत राहायची, मलेरिया होता, पोरं मरायची. ती माणसं गेली आणि चाळीस वर्षांनी, १९९३ मध्ये, त्या गुहा जागतिक वारसा झाल्या. तिथे मेणबत्ती लावून वाइन पिणाऱ्यांचे फोटो बघताना मला त्या बायकांची आठवण येते ज्यांनी त्या अंधारात संसार केले. ज्यांचं घर होतं त्यांच्या नातवंडांना त्यात काही मिळालं का, हे अशा प्रत्येक हॉटेलबद्दल विचारलं पाहिजे आणि ते विचारायचं काम तुमचं आहे.

हे सगळं मी का लिहितेय तर मी गुहागर तालुक्यातली. आमच्या वाडीत बावीस घरं, त्यातली तेरा कुलुपात. गणपतीला उघडतात, शिमग्याला पालखी येते तेव्हा उघडतात, बाकी वर्षभर पडवीत पाला साठतो, वाशांना वाळवी, एक पावसाळा कौलं नाही शाकारली की भिंतच खाली. चिऱ्याची घरं आहेत, मे महिन्यात माजघरात पंखा लागत नाही. आणि तीन किलोमीटरवर एक नवीन रिसॉर्ट झालंय, नाव नाही लिहीत, त्याला परदेशी किल्ल्यासारखे खोटे बुरूज आणि आत बावीस एसी. पर्यटक दोन दिवस राहतात, गावात एक शहाळंसुद्धा घेत नाहीत, कारण त्यांना गाव दिसतच नाही. तिथे आमच्यातल्या दोनच मुलांना काम मिळालं, गेटवर.

सरकारची निवास-न्याहारी योजना आहे हे माहितीये मला, पण ती एकेका घराची, एकटीने कोण करणार, वाडीने मिळून करायला हवं. माझ्या चुलत दिरांचं घर आमच्या शेजारीच बंद आहे, मुंबईला फोन करून मी किल्ली मागून घेतली, या मे महिन्यात ते शाकारून घेतोय, पुढच्या वर्षी दोन खोल्या तरी राहण्यासारख्या करायच्या. शेजारची काकू जेवण करायला तयार आहे, तिच्या हाताचं कुळथाचं पिठलं मी सांतो स्तेफानोच्या मसुरीपेक्षा कमी मानत नाही. पण बाकीच्या बारा घरमालकांना समजवायचं तर माझ्या बोलण्याने होत नाही, छापलेलं दाखवलं की ऐकतात. तर तुमच्या पुढच्या पुरवणीत या विखुरलेल्या हॉटेलांवर एक चांगला लेख द्या, नफातोटा, भांडणं, पाण्याचं आणि संडासाचं कसं करतात, वारस दहा असले तर कागदपत्रं कशी करतात, सगळं लिहा. आणि आपल्याकडे कोणी वाडीने मिळून असं केलं असेल तर त्या वाचकांनी याच सदरात कळवावं, मी एसटीने येऊन बघून जाईन.

आपली नम्र,
एक वाचक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी