डार्विन आणि हूकर यांच्या पत्रव्यवहाराविषयी

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

डार्विनने आपला उत्क्रांतीचा सिद्धांत वीस वर्षे कोणालाच कळू दिला नाही हे खरे का, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. ते खरे नाही. त्याने तो जगाला सांगितला नव्हता, पण एका मित्राला सांगितला होता. आणि माझ्या मते त्या सिद्धांताची घडण समजून घ्यायची तर त्या मैत्रीपासूनच सुरुवात करायला हवी.

११ जानेवारी १८४४ रोजी डार्विनने जोसेफ हूकर या आपल्याहून आठ वर्षांनी लहान असलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिले की, प्रजाती कायमच्या ठरलेल्या नसतात अशी आपली जवळजवळ खात्री झाली आहे, आणि हे सांगताना खुनाची कबुली दिल्यासारखे वाटते. दोघांची मैत्री तेव्हा अगदी नवी होती. हूकर दक्षिण ध्रुवाकडच्या सफरीहून आदल्याच वर्षी परतला होता. त्याने उत्तरात लिहिले की, प्रजातींत हळूहळू बदल झाला असणे शक्य आहे, आणि प्रचलित मतांपैकी एकानेही आपले समाधान होत नसल्यामुळे डार्विनचे म्हणणे ऐकायला आपल्याला आनंदच वाटेल. होकारही नाही आणि दचकणेही नाही, असे हे उत्तर मला फार मोलाचे वाटते. अर्धवट विचार ज्याच्यापुढे निर्भयपणे मांडावा असा माणूस डार्विनला मिळाला, आणि पुढे १८८२ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत दोघांमध्ये सुमारे चौदाशे पत्रे झाली. डार्विन केंट परगण्यातील डाउन या खेड्यात राहत असे आणि प्रकृतीमुळे लंडनला क्वचितच जाई. १८४० मध्ये सुरू झालेले एका पेनीचे स्वस्त टपाल नसते, तर हा संवाद इतका वाढला नसता.

हूकर नुसता ऐकून घेणारा नव्हता, भांडणाराही होता. दूरच्या बेटांवर वनस्पती पोहोचल्या कशा, यावर त्यांचे मतभेद होते. हूकरचा कल पूर्वी अस्तित्वात असलेल्या जमिनीच्या सलगतेकडे होता, तर बिया समुद्रातून वाहत जात असाव्यात असे डार्विनला वाटे. १८५५ मध्ये त्याने बिया खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवायला सुरुवात केली. त्या मरतीलच, अशी हूकरची अपेक्षा होती. डार्विनची मुले तर बाबा डॉक्टर हूकरना हरवणार का, असे सारखे विचारत. अखेर ८७ प्रकारांपैकी ६४ प्रकारांच्या बिया २८ दिवस बुडून राहिल्यावरही रुजल्या. मधल्या काळात मात्र मोठी अडचण लक्षात आली होती. बिया जगतात हे ठीक, पण त्या तळाशी जातात, मग वाहणार कशा? तेव्हा त्याने वाळलेल्या फळांवर आणि फांद्यांवर प्रयोग केले. ओले हेझलनट लगेच बुडाले, पण वाळवलेले ९० दिवस तरंगले आणि नंतर रुजलेही. हूकरसारखा विरोधक घरचाच नसता, तर डार्विन इतक्या खोलात शिरला असता असे मला वाटत नाही.

१८५८ चा प्रसंग तुला ठाऊक आहे. आल्फ्रेड वॉलेस या निसर्गअभ्यासकाने मलाय द्वीपसमूहातून पाठवलेला लेख जूनमध्ये डाउनला पोहोचला, आणि त्यात नैसर्गिक निवडीने प्रजाती बदलतात ही डार्विनचीच कल्पना होती. त्याच दिवसांत डार्विनचे तान्हे मूल स्कार्लेट तापाने आजारी पडले आणि २८ जूनला गेले. दुसऱ्याच दिवशी त्याने हूकरकडे कागद पाठवले. त्यांत १८४४ चा स्वतःचा मसुदाही होता, आणि तो पाठवण्याचे कारण एवढेच की, तो आपण पूर्वी वाचला होता हे हूकरला त्यावरच्या स्वतःच्याच हस्ताक्षरावरून दिसावे. आसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला १८५७ मध्ये लिहिलेल्या पत्राची नक्कलही सोबत होती. १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गअभ्यासकांच्या संस्थेत यांतले उतारे वॉलेसच्या लेखासह वाचले गेले. कल्पना आधी कोणाला सुचली याचा पुरावा अशा रीतीने खासगी पत्रे ठरली. वॉलेसला कोणी विचारले नव्हते, आणि ते योग्य झाले असे मी म्हणणार नाही, जरी त्याने पुढे समाधानच व्यक्त केले.

वॉलेसच्या आधीच्या लेखाकडे डार्विनचे लक्ष १८५५ च्या डिसेंबरात एका पत्राने वेधले होते, आणि ते आपल्याच देशातून, कलकत्त्याहून गेले होते. तेथील एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ याने तो लेख एकंदरीत चांगला असल्याचे कळवले होते. डार्विनने त्याला तेव्हा फारसे महत्त्व दिले नाही.

डार्विनची जवळपास पंधरा हजार पत्रे, त्याने लिहिलेली आणि त्याला आलेली, केंब्रिजच्या अभ्यासकांनी संपादित केली आहेत. तू १८५५ च्या वसंतापासून वाचायला लाग, आणि हूकरची उत्तरे मुळीच गाळू नकोस.

तुझा,
माधव