ह्वेमधल्या त्या अनोळखी माणसांचे आभार

व्हिएतनामच्या ह्वे शहरात तीन दिवस दुचाकीच्या मागच्या सीटवर बसून फिरलो. १८०२ ते १९४५ न्गुयेन राजघराण्याची ही राजधानी. ज्यांच्यामुळे ती मला दिसली त्यांची नावंही मी विचारली नाहीत, म्हणून हे जाहीर आभार.

ताई, तुम्ही गाडी चालवत होतात. सम्राट खाई दिन्हच्या समाधीत घाईनं पुढे निघालो, तेव्हा तुम्ही मला थांबवून भिंतीला अगदी नाक लागेल इतकं जवळ नेलंत. लांबून रंगवलेली वाटणारी फुलं चिनीमातीच्या आणि काचेच्या तुकड्यांची निघाली. एका पाकळीच्या कडेला फुटक्या भांड्याची निळी नक्षी अजून शाबूत होती. ११ वर्षं चाललेलं ते काम मी पाच मिनिटांत उरकणार होतो!

राजवाड्याच्या आवारात नुसती जोती उरलेल्या मोकळ्या जागेपाशी तुम्ही फक्त '१९६८' म्हणालात आणि गप्प झालात. व्हिएतनाम युद्धातल्या त्या वर्षीच्या लढाईत तिथलं बरंच काही जमीनदोस्त झालं. तुमचं ते गप्प राहणं मी विसरणार नाही.

थुई श्वान या उदबत्त्यांच्या गावात उदबत्ती वळणाऱ्या आजी, ओला मसाला माझ्या हातात दिलात, दालचिनीचा वास संध्याकाळपर्यंत बोटांना होता. भर पावसात पंक्चर काढून देणारे आजोबा, तुम्ही वर आपला रेनकोटही दिलात. आणि खानावळीतल्या वहिनी, तुम्ही शिकवलेल्या 'आन चाय', म्हणजे शाकाहारी, या दोन शब्दांवर मी पुढे सगळीकडे पोटभर जेवलो.

तुम्हा सगळ्यांचा मी मनापासून ऋणी आहे.