आजींना ओसीडी नाही

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

पुण्याला पोचल्याचा तुझा फोन आला तेव्हा आजी शेजारीच बसल्या होत्या, म्हणून काही बोलले नाही. आता लिहूनच सांगते.

दिवाळीत त्या रात्री शेगडीची बटणं दोनदा बघून झोपायला निघाल्या, तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "आजी, तुला ओसीडी आहे गं." म्हणजे मनात तेच ते विचार येऊन तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करावी लागण्याचा आजार. सगळे हसले, आजीही हसल्या. पण दुसऱ्या रात्री त्या स्वयंपाकघरात गेल्याच नाहीत. अंथरुणावर टक्क जाग्या. शेवटी मी उठून बटणं बघितली, "बंद आहेत हो" म्हणाले, तेव्हा कुठे त्यांचा डोळा लागला.

तुझं मानसशास्त्राचं पुस्तक इथेच राहिलंय. दुपारी काम आवरलं की मी वाचते. तपासण्यात दिवसाचा तासाहून जास्त वेळ जायला लागला, किंवा माणसाला फार त्रास होऊन त्याचे रोजचे व्यवहार अडायला लागले, तर त्याला आजार म्हणायचं का हे तज्ज्ञ बघतात. आजींचं दोन मिनिटांत आटपतं. शिवाय निदान करायला लोक वर्षानुवर्षं शिकतात, तुझं अजून पहिलं सत्रही संपलेलं नाही.

त्या असं का करतात ते तुला कुणी सांगितलेलं नाही. तू दोन वर्षांची होतीस. दूध उतू जाऊन शेगडी विझली, गॅस तसाच चालू, आणि तू आतल्या खोलीत झोपलेली. शेजारच्या काकूंना वास आला म्हणून निभावलं.

ते दूध आजींनीच ठेवलं होतं, हे मला इतकी वर्षं पक्कं आठवत होतं. मग तुझ्या पुस्तकातला लॉफ्टस आणि पामर या संशोधकांचा 1974 चा प्रयोग वाचला. सगळ्यांना अपघाताची तीच फिल्म दाखवली. नंतर 50 जणांना विचारलं, गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या 50 जणांना त्याच प्रश्नात "धडकल्या"च्या जागी "आदळून चुराडा झाला" असा जोरकस शब्द घातला. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. पहिल्यांतले 7 जण हो म्हणाले, दुसऱ्यांतले 16. ते खोटं बोलत नव्हते गं, त्यांना काच आठवत होती.

तो आकडा वाचून मी पुस्तक मिटलं आणि आजींकडे गेले. "तुम्ही दूध ठेवलं होतं ना?" असं आजवर मनातल्या मनात विचारत आले होते. या वेळी एवढंच विचारलं, "त्या दिवशी काय झालं होतं?" त्या म्हणाल्या, "दूध तू ठेवलंस. पोस्टमनने हाक मारली म्हणून बाहेर गेलीस. मी पूजेला बसले होते, पण घरात मोठी मीच ना, माझं लक्ष हवं होतं." मला पोस्टमन काही केल्या आठवत नाही. खरं काय ते आता कळणार नाही. पण सोळा वर्षं मी त्यांना मनात दोष दिला आणि त्या स्वतःला देत राहिल्या.

म्हणून हा विषय तू घेतलास याचा मला मनापासून आनंद आहे. या शास्त्रात लोक आपलंच काम पुन्हा तपासतात, हे मला फार आवडलं. मानसशास्त्रातले आधी छापून आलेले 100 अभ्यास दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा करून बघितले आणि 2015 मध्ये त्याचा अहवाल दिला, तर तसाच ठळक निकाल जेमतेम 36 टक्क्यांत आला. तेव्हा पुस्तकात आहे म्हणून लगेच कुणाला लावू नकोस. संख्याशास्त्राचा कंटाळाही करू नकोस, हे असलं सगळं त्यातूनच कळतं.

आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागायचं नाही. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून, किती विसरतो ते मोजून 1885 मध्येच लिहून ठेवलंय: एका बैठकीत घोकण्यापेक्षा थोडं थोडं रोज केलेलं टिकतं.

नाताळात येशील तेव्हा आजींजवळ बस. "घाबरली होतीस ना?" असं विचारू नकोस. त्या दिवशी काय झालं, एवढंच विचार आणि त्यांना बोलू दे. रात्री बटणं बघायला जातील तेव्हा त्यांच्याबरोबर जा.

तुझी,
आई