99 टक्के ही नुसती सरासरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला उत्क्रांतीवरचा लेख वाचला. माणूस आणि चिंपांझी यांचा डीएनए जवळजवळ 99 टक्के सारखा, हे वाक्य त्यात दोनदा आले आहे. चूक नाही, पण ते वाचून सगळी जनुके एकाच चालीने थोडीथोडी बदलत गेली असे वाटते. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवताना हाच समज खोडण्यात माझे किती खडू झिजले, त्याची गणती नाही. दोघांतल्या जुळणाऱ्या प्रथिनांपैकी सुमारे 29 टक्के हुबेहूब सारखी आहेत. पेशीला ऊर्जा मिळवून देण्यात हातभार लावणारे सायटोक्रोम सी हे प्रथिन घ्या, 104 पैकी 104 अमिनो आम्ले (प्रथिनाच्या साखळीतले मणी) तीच. मग फरक आहे कुठे?

हे समजावायला वर्गात मी ठाण्याच्या रेल्वेचा आधार घेत असे. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, तेव्हा दोन रुळांतले अंतर 1676 मिलिमीटर होते. आजही तेवढेच आहे. वाफेची इंजिने गेली, वीज आली, डबे बदलले, पुठ्ठ्याचे तिकीट मोबाइलमध्ये शिरले (गर्दीबद्दल बोलायलाच नको). रुळांच्या अंतराला मात्र कोणी हात लावत नाही, कारण चाकांपासून सांध्यांपर्यंत सगळे त्यावर बेतलेले. रेल्वेत बदल ठरवून होतात, जनुकांत आंधळेपणाने, एवढा भेद लक्षात ठेवायचा. उत्परिवर्तने, म्हणजे डीएनएतले आपोआप होणारे बदल, थोड्याफार फरकाने सगळीकडेच होतात; त्यातली टिकतात किती, यावर वेग ठरतो.

पेशीत डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांपैकी हिस्टोन एच 4 हे असेच रुळांचे अंतर. 102 अमिनो आम्लांची साखळी. वाटाण्यातली आणि गाईतली शेजारी ठेवली तर फरक फक्त 2 जागी. दोघांचा समाईक पूर्वज शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा! तिथे उत्परिवर्तने झालीच नाहीत असे नव्हे. ज्यांच्यात झाली, त्यांचा वंश उरला नाही.

उलट टोकाला फायब्रिनोपेप्टाइड. जखमेतले रक्त गोठताना फायब्रिनोजेन या प्रथिनाचे हे चिमुकले तुकडे कापून टाकले जातात. जे फेकूनच द्यायचे, त्यात कोणती अमिनो आम्ले आहेत याने फारसे बिघडत नाही, म्हणून तिथे बदल भराभर साचतात. जपानच्या मोटू किमुरा यांनी 1968 साली मांडले की रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल असेच, ना फायद्याचे ना तोट्याचे असतात. त्यावर पुढे बराच वाद झाला.

पण वेगाने बदलते ते बिनकामाचे, असेही नाही. इथे मुलांची हमखास गल्लत होई. फ्लूच्या विषाणूच्या पृष्ठभागावरचे हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन सतत बदलते ते आपली प्रतिकारशक्ती त्याला ओळखून पकडते म्हणून. ज्याने रूप पालटले तोच सुटतो, आणि लस पुन्हा नव्याने ठरवावी लागते. आमच्या ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातल्या नाग-घोणसांच्या विषाची जनुकेही याच पंगतीतली.

आणि माणूस-चिंपांझीवर लिहायचे तर एचएआर 1 सुटायला नको होते. डीएनएचा 118 अक्षरांचा हा तुकडा. त्यापासून प्रथिन नव्हे, आरएनए बनतो. कोंबडी आणि चिंपांझी यांच्यात तो फक्त 2 अक्षरांनी वेगळा, म्हणजे तीस कोटी वर्षे जवळजवळ गोठलेला. चिंपांझी आणि माणूस यांच्यात मात्र 18 अक्षरे वेगळी, तीही जेमतेम साठ-सत्तर लाख वर्षांत! गर्भाच्या मेंदूची जडणघडण होताना हा तुकडा कामाला लागलेला असतो. 2006 साली हे प्रसिद्ध झाले, तेव्हा मी स्टाफरूममध्ये दिसेल त्याला पकडून सांगत होतो. गणिताचे सर तेवढे शेवटपर्यंत ऐकून घेत.

99 टक्के हा आकडा छापायला माझी हरकत नाही. त्याच्याआधी ‘सरासरी’ हा एक शब्द घालावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नौपाडा, ठाणे