सही करण्याआधी

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

ढाक्याच्या व्यापाऱ्याने कांद्याला वर्षभराचा एकच भाव बांधून करार पाठवलाय आणि तू सही करणार आहेस, हे आईकडून कळलं. भाव चांगला आहे, माणूसही बुडवणारा नाही. तरी हे पत्र वाचल्याशिवाय सही करू नकोस.

१४ सप्टेंबर २०२० ला कांद्याची निर्यातबंदी आली तेव्हा तू कॉलेजात होतीस. आपले दोन ट्रक पश्चिम बंगालात घोजाडांग्याला, बांगलादेशच्या सीमेवर रांगेत अडकले. वर ताडपत्री, आत उकाडा. ड्रायव्हरचा फोन आला, "शेठ, खालच्या गोण्यांतून पाणी गळतंय." अर्धा माल फेकून द्यावा लागला. गिऱ्हाईक ओरडलं नाही. "मी माझ्या लोकांना काय सांगू?" एवढंच म्हणालं. ते मला आजही लागतं.

आदल्या वर्षीही सप्टेंबरातच बंदी आली होती. तेव्हा बांगलादेशच्या पंतप्रधान असलेल्या शेख हसीनांनी दिल्लीत सांगितलं होतं, की स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितलंय, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. मग २०२३ साल आठव. ऑगस्टात ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला किमान ८०० डॉलर निर्यातभावाची अट, ८ डिसेंबरला बंदीच. चार महिन्यांत तीन नियम! बाजारात कांदा महागला की कुठलंही सरकार घाबरतं, त्यात शेतकरी आणि आपण दोघंही भरडले जातो.

बांगलादेशचंही तसंच. त्यांचा कांदा निघाला की ते आयात परवाने थांबवतात. ५ ऑगस्ट २०२४ ला तिथलं सरकार पडलं आणि सीमेवर गाड्या उभ्या राहिल्या.

म्हणून भाव महिन्याच्या महिन्याला ठरव. मधेच शुल्क वाढलं तर कोण किती सोसणार आणि बंदी आली तर माल न दिल्याचा दंड कुणावरही नाही, हे स्पष्ट लिहून घे. ईसीजीसीचा, म्हणजे निर्यातीचे पैसे बुडण्याविरुद्ध विमा देणाऱ्या सरकारी कंपनीचा, विमा काढच, पण साधी पॉलिसी माल रवाना झाल्यावर तिकडे काही घडलं तर उपयोगी पडते. माल खळ्यावर असताना इथे बंदी आली, तर तिचा आधार नाही. आणखी एक, २०२३ च्या बंदीत अधिसूचनेआधी कस्टम्सच्या ताब्यात दिलेला माल सुटला होता. माल ताब्यात दिल्याच्या नोंदीचा कागद त्याच दिवशी हातात घेत जा.

शनिवारी नाशिकला येतोय. करार छापून ठेव, दोघं मिळून ओळ न् ओळ वाचू.

तुझे अण्णा