ज्येष्ठांच्या डब्यात चोथा हवा

महोदय,

श्रावण आला की अनेक घरांतले ज्येष्ठ मासे-मटण बंद करतात आणि पोटाला आराम मिळाला असे समजतात. आतड्यातल्या जिवाणूंच्या दृष्टीने मात्र ताटातून काय गेले यापेक्षा त्या जागी काय आले, हे महत्त्वाचे. मटणाऐवजी साबुदाणा आणि चहासोबत खारी आली, तर या जिवाणूंची उपासमारच होते.

ते जगतात आपल्याला न पचणाऱ्या चोथ्यावर. तो आंबवून ते ब्युटिरेट नावाचे मेदाम्ल तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींना मुख्य ऊर्जा त्यातूनच मिळते. मांस, मासे, अंडी यांत चोथा नसतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात निव्वळ प्राणिज आहार घेतल्यावर पाच दिवसांतच पित्त सोसणारे जिवाणू वाढले आणि वनस्पतींतला चोथा आंबवणारे घटले. पण आयर्लंडमधल्या ज्येष्ठांचा २०१२ चा अभ्यास मला पुण्यासाठी अधिक मोलाचा वाटतो. त्यात दीर्घकाळ निवासी शुश्रूषा केंद्रांत असलेल्यांचा आहार एकसुरी होता, त्यांच्या जिवाणूंतली विविधता घरी राहणाऱ्यांपेक्षा कमी होती आणि तिच्याशी अशक्तपणाचाही संबंध दिसला.

मुले परगावी, म्हणून डबा लावलेले कितीतरी ज्येष्ठ आपल्या शहरात आहेत. त्यात कवळी टोचू लागली की आधी भाकरी आणि उसळ सुटते. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो. मैद्यात किंवा पॉलिशच्या तांदळात ३ ग्रॅमही नाही. डबेवाल्या काकूंना माझी कळकळीची विनंती आहे, ज्येष्ठांच्या डब्यात पातळ, आमटीत कुस्करता येईल अशी भाकरी द्या. मूग-मटकी ८ ते १० तास भिजवून ते पाणी फेकून द्या (गॅस करणाऱ्या शर्करा काही प्रमाणात त्यासोबत जातात), मोड आणा आणि कुकरमध्ये अगदी मऊ शिजवा.

पहिला आठवडा दोन चमचे उसळ पुरे, मग हळूहळू वाटीभर. एकदम वाढवली की पोट फुगते आणि ‘मला झेपत नाही’ म्हणून ती कायमची बंद होते. पाणीही वाढवावे, हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारून. इसबगोल घेतल्यास ग्लासभर पाण्यातूनच घ्यावे, नाहीतर त्याचा गोळा अडकू शकतो. ताक ताजे प्यावे. कढी उकळली की त्यातले जिवाणू मरतात.

मांसाहारी ज्येष्ठांनी मासे-अंडी सोडण्याची गरज नाही. या वयात स्नायू झिजतात, प्रथिने हवीतच. सोबत भाकरी, पालेभाजी आणि किसलेली कोशिंबीर असावी. शाकाहारींनी बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते बनवत असले, तरी तिथून ते फारसे शोषले जात नाही. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू असतील, तर मांसाहारींनीही ही तपासणी टाळू नये.

बद्धकोष्ठ नव्यानेच सुरू झाले, शौचातून रक्त पडले किंवा वजन उतरू लागले, तर चोथा वाढवत बसू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावे.

– एक आहारतज्ज्ञ, कोथरूड, पुणे